गोजरीचा ढेकर

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण वैजनाथनं तारामतीला कधी "जेवलीस का" म्हणून विचारलं नव्हतं. त्याबद्दल तिची तक्रारही नव्हती. गावात कुणाचाच नवरा विचारत नव्हता. एखाद्यानं विचारलं असतं तर बाकीच्या बायकांनी त्याला आधी दवाखान्यात दाखवायला सांगितलं असतं. पण आता तोच वैजनाथ सकाळी उठून, तोंडसुद्धा न धुता गोठ्यात जायचा आणि गाईच्या कानाशी वाकून विचारायचा, "खाल्लंस का गं बाई? पोटभर खाल्लंस?" तेव्हा चुलीपुढं बसलेल्या तारामतीची भाकरी तव्यावर जरा जोरातच पडायची.

गाईचं नाव गोजरी. अस्सल देवणी, पांढरीशुभ्र, दोन्ही गालांवर काळं. आणि गोजरी तारामतीची होती. शेत वैजनाथचं, घर वैजनाथच्या बापानं बांधलेलं, दोन्ही पोरं वैजनाथचं आडनाव लावून पुण्याला नोकरीला गेलेली. पण तारामतीच्या बापानं लग्नात उदगीरकडून एक कालवड आंदण दिली होती, तिच्या पोटची गाय, आणि त्या गाईच्या पोटची ही गोजरी. या घरात तारामतीसोबत माहेराहून आलेलं दुसरं काही आता उरलं नव्हतं. भांडी झिजली, लुगडी फाटली, बापही गेला. गोजरी तेवढी होती, आणि ती दुसऱ्या कुणाला कासेला हात लावू द्यायची नाही. एकदा तारामती आजारी पडली तेव्हा वैजनाथला बायकोचं लुगडं अंगावर घेऊन धार काढावी लागली होती. शेजारच्या सिद्धम्मानं ते भिंतीवरून पाहिलं, आणि पुढं बरेच दिवस ती त्याला "वैजंताबाई" म्हणत होती.

मग उदगीरहून स्कूटीवरून जनावरांची डॉक्टर धम्मप्रिया आली, आणि सगळं फिरलं.

पोरगी हुशार. बोलणं सरळ, हात धीट, कोणत्याही जनावराच्या जबड्यात कोपरापर्यंत हात घालणारी. दूध डेअरीसमोर तिनं शेतकऱ्यांची मीटिंग घेतली आणि समजावून सांगितलं: गाय खाते, मग बसून रवंथ करते आणि रवंथ करताना सारखी ढेकर देते. त्या ढेकरातून एक वायू बाहेर पडतो. तो दिसत नाही, पण वर जाऊन हवा तापवतो. शिवाय त्या वायूबरोबर खाल्लेल्या चाऱ्याची ताकद वाया जाते ती वेगळीच. म्हणून काही विशिष्ट झाडांचा पाला आणि चिंचोक्याची टरफलं वाळवून, दळून एक भुकटी केली आहे. ती आंबोणात, म्हणजे भिजवलेल्या पेंड-भुश्शात, कालवून रोज दिली तर वायू कमी होतो का, हे बघायचं आहे. शिरूर अनंतपाळपासून निलंग्यापर्यंतच्या गावांतून काही गाई निवडायच्या आहेत.

"जनावरांचं खाणंपिणं कोण बघतं?" तिनं विचारलं.

समोर बसलेल्या सगळ्या पुरुषांनी हात वर केले. बायका तेव्हा घरी जनावरांचं खाणंपिणं बघत होत्या.

गोजरी निवडली गेली. धम्मप्रिया घरी आली, बॅटरीसारखं दिसणारं एक यंत्र तिनं गोजरीच्या नाकासमोर धरलं, आकडे टिपले. शेजारी भुरी म्हैस बांधलेली होती. तिच्याही नाकासमोर धरून घेतलं, असावं म्हणून. जाताना वैजनाथला बजावलं, "काका, एकाच माणसानं चारायचं. रोज तेवढंच, त्याच वेळेला. आणि आंबोणाच्या आधी मधी दुसरं काही द्यायचं नाही."

"जिम्मा माझा, म्याडम," वैजनाथ म्हणाला. पाहुण्यांसाठी ठेवलेली टोपी त्यानं त्या दिवशी स्वतःहून घातली होती. गोजरीच्या गळ्यात हात टाकून त्याचा फोटोही निघाला. तारामती तेव्हा चहा गाळत होती. फोटोत तिचं एक कोपर आलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं नेहमीसारखी तव्यावरची पहिली भाकरी उतरवली आणि गोठ्याकडं निघाली. पहिली भाकरी गाईची. तिची आई द्यायची, आजी द्यायची. घरात पीठ कमी असलं तरी माणसाची अर्धी व्हायची, गाईची नाही.

वैजनाथ दारात आडवा उभा. "आजपसनं भाकरी बंद."

"काय बंद?"

"म्याडमनं सांगितलंय. आंबोणाच्या आदी काय द्यायचं न्हाई. आपल्या गाईची टेस्ट चालू हाय."

तारामतीला भाकरीचं राहू द्या, "आपल्या" हा शब्द लागला. काल-परवापर्यंत ती "तुझी गाय" होती. तुझी गाय मोकाट सुटली, तुझ्या गाईनं हरभऱ्यात तोंड घातलं. यंत्र आलं, फोटो निघाला, आणि एका रात्रीत "आपली" झाली.

"गाय देवाची, भाकरी माझी, आन् बंद करणार तुमची म्याडम?"

"आगं, इज्ञान हाय ते. तुला कळायचं न्हाई."

ती भाकरी तिनं कुस्करून कुत्र्याला घातली. कुत्रं इतकं चकित झालं की खाण्याआधी त्यानं तिच्याकडं दोनदा पाहिलं.

त्यानंतर घरात एक नवाच वैजनाथ राहायला आला. तो भुकटी मापून घ्यायचा, सरकी पेंडीत आणि भुश्शात हातानं कालवायचा, गुठळी राहिली तर बोटांनी फोडायचा. गोजरी खाऊन बसली की तिच्यासमोर उलटी बादली टाकून तोही बसायचा. ढेकर ऐकायचा. "आज हलका आला," असं येऊन सांगायचा. गावातले लोक त्याला "ढेकरवाले वैजनाथराव" म्हणू लागले आणि त्यालाही ते आवडू लागलं. निलंग्याला बाजाराला गेला तर बायकोला विचारून काही आणायचा नाही, पण गोजरीसाठी मऊ सुताचं दावं घेऊन आला. निळं. गोंडा लावलेलं.

गोजरीनंही इमान सोडलं, हे तारामतीला जास्त झोंबलं. आता त्याच्या पावलांचा आवाज आला की ती कान टवकारायची, हंबरायची. धार तारामतीच काढायची. पण धार काढताना गाईची नजर दाराकडं.

"बघ, बघ कशी वाट बघून राहिली," सिद्धम्मा भिंतीवर कोपरं टेकून म्हणाली. "तारक्का, तुझा नवरा आन् तुझी गाय, दोघं मिळून तुला घराबाहेर काढतील बघ."

"काढू दे. तुझ्याकडं यीन."

"अव्वाऽ, माझ्याकडं नको. माझी गाय आजून मला वळखती."

तारामती हसली, पण दिवसभर ते तिच्या पोटात राहिलं. तिला नीट कळेना की आपण कुणावर जळतोय. गाईवर, कारण नवरा तिच्याशी असा बोलतो जसा आपल्याशी कधी बोलला नाही? की नवऱ्यावर, कारण गाय त्याला अशी चाटते जशी आपल्याला चाटायची? कधी एक वाटे, कधी दुसरं, आणि कधी दोन्ही एकदम. मग भाजीत मीठ जास्त पडायचं.

एवढं मात्र तिला पक्कं कळत होतं की गोजरी हातची जात चालली आहे. ती गेली तर या घरात आपलं म्हणावं असं काय राहील?

म्हणून तिनं भाकरी पुन्हा सुरू केली. वैजनाथ उठायच्या आत. आणि आता नुसती भाकरी नाही. गरम भाकरीला गुळाचा खडा चोळून, वर थोडं तेल. गोजरी पहिल्या दिवशी जरा थांबली, दुसऱ्या दिवशी जिभेनं तिचा हात मनगटापर्यंत पुसून काढला, तिसऱ्या दिवशी दावं ताणून उभी. "आलीस का वाटंवर," तारामती तिच्या कपाळाला कपाळ लावून पुटपुटली. "त्याची भुकटी कडू आन् माझा गूळ गोड. सांग आता कुणाची हायस."

गोजरीनं काही सांगितलं नाही. आणखी आहे का म्हणून तिचा पदर हुंगला.

पोटात गूळ-भाकरी गेल्यावर आंबोणात तिचं मन लागेना. वैजनाथ समोर उभा असे तोवर ती वरवर चाटल्यासारखं करायची, पेंड वेचून खायची. तो आंघोळीला गेला की तोंड फिरवायची. जड भुकटी तळाला तशीच. मागून तारामती गव्हाण धुवायला यायची आणि तळाचं सगळं पाण्यासकट भुरीपुढं ओतायची. इतकं चांगलं आंबोण फेकणारी बाई या गावात जन्माला यायची होती. भुरी काय, म्हैसच ती. तिला कडू-गोड सारखंच. चाटूनपुसून घमेलं लख्ख करायची.

धम्मप्रिया पुन्हा आली. यंत्र धरलं, कपाळाला आठी पडली. पुन्हा धरलं.

"काका, काहीच फरक नाही."

वैजनाथचा चेहरा उतरला. "आसं कसं? म्या हातानं कालवून चारतो की."

"बाकीच्या गावांत फरक पडतोय. कमी-जास्त, पण पडतोय. मधे काही देत नाही ना?"

"गवताची काडी न्हाई. आईची आण."

धम्मप्रियानं त्याच्याकडं पाहिलं, गोजरीकडं पाहिलं. "बघू. पुढच्या खेपेला येते. तेव्हाही असंच असेल तर मात्र गोजरीला यातून काढावं लागेल. एकीचे आकडे सगळ्यांचे बिघडवतात."

दाराआड उभी असलेली तारामती हे ऐकत होती. तिला आधी जो आनंद झाला त्याची तिला लाज वाटायला हवी होती. ती वाटली नाही. काढा, तिनं मनात म्हटलं, खुशाल काढा. टोपी पेटीत जाईल, बादली न्हाणीत जाईल, आणि गाय पुन्हा "तुझी" होईल.

वैजनाथ त्या दिवशी जेवायला बसला आणि अर्ध्यावर उठला. "तारा," त्यानं हात पुढं केले, "माझ्या हाताला काय वास येतो का गं? तंबाखूचा वगैरे? जनावराला न्हाई आवडत वास." तंबाखू त्यानं भुकटी सुरू झाली तेव्हाच सोडली होती, कुणालाही न सांगता. तारामतीनं ते हात पाहिले. पेंडीनं नखं पिवळी झालेली. एका शब्दाचं काम होतं. तो शब्द तिच्या जिभेवर आलासुद्धा.

पण मग तो म्हणाला, "बिचारी माझी गोजरी, लोक तिला नावं ठेवतील."

माझी.

दुसऱ्या दिवशी तिनं गुळाचा खडा मोठा घेतला.

पुढच्या खेपेला धम्मप्रिया आली तेव्हा ऊन चढलं होतं. गोजरी रवंथ करत बसली होती. यंत्र धरलं. आकडा तसाच. वैजनाथ खांबाला टेकून उभा राहिला, निकाल ऐकायला आलेल्या पोरासारखा.

"यंत्रच बिघडलंय का बघते," धम्मप्रिया म्हणाली. ती भिंतीपलीकडं गेली, सिद्धम्माच्या गाईसमोर यंत्र धरलं, परत आली. "नाही, ते ठीक आहे. तिला भुकटी नाही, तिचा आकडा असायला पाहिजे तसाच आहे." मग जाता जाता तिनं भुरीसमोर यंत्र धरलं, पहिल्या दिवशी धरलं होतं म्हणून. आणि थांबली. फोनमधला जुना आकडा काढून पाहिला. पुन्हा यंत्र धरलं. भुरीनं तिच्या तोंडावर एक शांत ढेकर दिला.

"काका, ही म्हैस काय खाते?"

"ती? काय बी खाती. तिच्याकडं कोण बघतंय?"

"हिचा वायू उतरलाय. चांगलाच उतरलाय." ती वळली. "काकू, हिला काय घालता तुम्ही?"

तारामती पाण्याचा तांब्या घेऊन येत होती. संसारी बाईला खाण्यापिण्याचा प्रश्न विचारला की ती आधी उत्तर देते आणि मग विचार करते. "काय घालणार? गोजरीचं तळाचं राहतंय तेच. फेकून द्यू का चांगलं आंबोण?"

आणि मग तिला कळलं आपण काय बोललो ते. तांब्यातलं थोडं पाणी तिच्या पायावर सांडलं.

"राहतंय?" वैजनाथ म्हणाला. "म्या समोर उभा राहून चारतो. कसं राहील?"

"तुम्ही हाव तवर चाटती. तुम्ही वळले की सोडती."

"का पन? भूक न्हाई का तिला?"

हे उत्तर भिंतीवरून आलं. "भूक कुठून आसंल?" सिद्धम्मा म्हणाली. "तुम्ही उठायच्या आदी गूळ-भाकरी हाणून बसती ती. माझ्या नातवाला मिळंना तसली." मग तारामतीचा चेहरा दिसला तसं तिनं डोकं खाली घेतलं, पण कान भिंतीवरच ठेवले.

सगळे तारामतीकडं बघू लागले. गोजरी तेवढी निर्लज्जपणे रवंथ करत होती.

तारामतीला वाटलं वैजनाथ ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. ओरडण्याला तिच्याकडं उत्तरं तयार होती. पण तो बादलीवर बसला. "म्या आईची आण घातली म्याडमसमोर," तो हळू म्हणाला. "मला वाटलं माझ्याच हातात खोट हाय. मला सांगायचं तरी."

"काय सांगायचं?" तारामतीचा आवाज चढला तो फाटायला नको म्हणून. "मला कुणी इचारलं? मीटिंगीला बसले तुम्ही. फोटूत तुम्ही. 'आपली गाय' तुम्ही, 'माझी गोजरी' तुम्ही! माझ्या बापाच्या कालवडीची नात हाय ती. शेण म्या काढलं, तिच्या आईच्या वेताला रातभर म्या बसले, तवा कुठं व्हती तुमची टोपी? आन् पहिली भाकरी बंद म्हणून सांगितलं ते बी दारात आडवं उभं राहून. येकदा तरी कानाशी वाकून माझ्याशी बोलले का, तिच्याशी बोलता तसं?"

शेवटचं वाक्य तिला म्हणायचं नव्हतं. ते आपसूक निघालं. धम्मप्रिया शहाणी होती, ती यंत्राचं बटण पुसू लागली.

वैजनाथनं मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. कोडं पडल्यासारखं झालं होतं. "म्हंजी तू तिच्यावर जळत व्हतीस का माझ्यावर?"

तारामतीनं नाक पुसलं. "ते आजून ठरलं न्हाई."

भिंतीपलीकडं सिद्धम्माला हसू आवरेना. मग धम्मप्रियाला. वैजनाथ सगळ्यात शेवटी हसला, तेही खाली बघून.

"चूक माझीही आहे," धम्मप्रिया म्हणाली. "डेअरीवर मी विचारलं जनावरं कोण बघतं, आणि हात वर आले तेवढेच मोजले. काका, खरं सांगा, आधी कोण बघत होतं?"

"समद्यांनी हात वर केला म्हणून म्या बी केला," वैजनाथ म्हणाला. बराच वेळ त्यानं गोजरीच्या निळ्या गोंड्याशी चाळा केला. मग उठला आणि बादली तारामतीकडं सरकवली. "हिचं नाव टाका, म्याडम. गाय हिचीच हाय."

हेच तर तिला हवं होतं. पण मिळाल्यावर तिचं लक्ष वैजनाथकडं गेलं. त्याचे हात रिकामे दिसत होते, आणि ते कुठं ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं.

"पण भाकरीचं काय?" ती घाईनं म्हणाली. बाजारात भाव करताना जसा चेहरा करायची तसा केला. "पहिली भाकरी म्या बंद करणार न्हाई. आधीच सांगते."

"गूळ नाही," धम्मप्रिया म्हणाली. "आणि आंबोण सगळं संपल्यावर. चतकोर."

"आर्धी."

"चतकोर, काकू."

"बरं. चतकोर. पण तव्यावरची पहिली."

"ते तुमचं तुम्ही बघा. माझं यंत्र भाकरीचा नंबर सांगत नाही."

त्यानंतर आंबोण तारामती कालवू लागली, आणि कडू घास भरवणाऱ्याला काय सोसावं लागतं हे तिला कळलं. गोजरी तिच्याकडं बघायची, गव्हाणीकडं बघायची, मग लांब सुस्कारा सोडून मान वळवायची. वैजनाथ ओसरीवर बसून पेपर वाचत असल्याचं सोंग करायचा. "थोडी पेंड वरून भुरभुरावी," तो पेपरालाच सांगायचा. "आन् कालवताना बोलावं तिच्याशी." ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची आणि मग तसंच करायची. हळूहळू गव्हाणीचा तळ दिसू लागला. पुढच्या खेपेला यंत्रातला आकडा खाली आला तेव्हा धम्मप्रियानं तो आधी तारामतीला दाखवला. तिला त्यातलं फारसं कळलं नाही, पण तिनं ते यंत्र बराच वेळ धरून ठेवलं, मग वैजनाथकडं दिलं. भुरीला मात्र काही मिळेनासं झालं. म्हणून तिनं घमेलं शिंगानं उलटं करून आपलं मत कळवलं.

मग निरोप आला: जनावरं चारणाऱ्यांचं एक दिवसाचं शिबिर आहे, उदगीरला. चारणाऱ्यानंच यायचं.

तारामती एसटीत बसली तेव्हा वैजनाथ फाट्यापर्यंत सोडायला आला होता. गोजरीची जबाबदारी एका दिवसापुरती त्याच्याकडं. "जा बिनघोर," तो म्हणाला. इतक्या आनंदानं म्हणाला की तिचा घोर तिथंच सुरू झाला. खिडकीशी बसून ती त्या दोघांचा विचार करत राहिली. आता कालवत असेल. आता कानाशी वाकून काहीतरी बोलत असेल. ती मेली हंबरत असेल. शिबिरात समोरचे साहेब पडद्यावर गाईचं पोट आतून दाखवत होते, सगळ्या बायका तोंडाला पदर लावून बघत होत्या, आणि तारामतीचं लक्ष पिशवीतल्या फोनकडं.

जेवणाच्या सुट्टीत तिनं भिंतीकडं तोंड करून फोन लावला.

"खाल्लं का तिनं?"

"खाल्लं. तळापतूर."

"मग भाकरी?"

"दिली. चतकोर. म्याच थापली, जरा वाकडी झाली."

वैजनाथनं भाकरी थापली. तिच्यासाठी नाही. "लई लाड करून राहिले," ती म्हणाली. "मला इसरली आसंल ती."

मग वैजनाथचा आवाज आला, खालच्या सुरातला, फोनला तोंड अगदी लावून बोलल्यासारखा. "कुठली इसरती. सकाळपसनं वाटंकडं बघून राहिली. तू गेलीस त्या वाटंकडं. काय खाण्यात ध्यान न्हाई, काय बसण्यात न्हाई."

तारामतीला माहीत होतं की या वेळेला ऊन समोरून येतं, म्हणून गोजरी वाटेकडं पाठ करून, डोळे मिटून रवंथ करत बसते. पिढ्यान्‌पिढ्या या घरच्या गाई तशाच बसतात.

"खोटं बोलून राहिले तुम्ही," ती म्हणाली.

"हाव," वैजनाथ म्हणाला. "थोडं."

सुट्टी संपल्याची हाक आली. आजूबाजूच्या बायका डबे आवरून आत निघाल्या. तारामतीनं फोन दुसऱ्या कानाला लावला आणि भिंतीला खांदा टेकला.

"मग आजून थोडं बोला," ती म्हणाली.